धनुष्कोडी : समुद्रकाठच्या एका स्थानकाची पन्नास वर्षे

भारताच्या आग्नेय टोकाशी, तामिळनाडूतील रामेश्वर बेटाच्या शेवटी, जमिनीची एक चिंचोळी पट्टी समुद्रात शिरलेली आहे. या पट्टीवर एकेकाळी धनुष्कोडी नावाचे रेल्वे स्थानक होते. इ.स. १९१४ मध्ये ते सुरू झाले आणि इ.स. १९६४ च्या डिसेंबरात एका रात्रीत नाहीसे झाले. एखाद्या पेढीच्या, संस्थेच्या वा गावाच्या आयुष्यात पन्नासावे वर्ष हे कृतार्थतेने मागे वळून पाहण्याचे असते. धनुष्कोडीच्या वाट्याला मात्र तेच वर्ष अखेरचे म्हणून आले.

वादळाने धनुष्कोडी बुडाले एवढे बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु वादळाने उद्ध्वस्त झालेली गावे पुन्हा वसतात, वाहून गेलेले रूळ पुन्हा टाकले जातात. धनुष्कोडीला ते भाग्य का लाभले नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ त्या एका रात्रीत सापडत नाही. त्यासाठी या स्थानकाच्या पन्नास वर्षांचा जमाखर्च पाहावा लागतो.

जुनी वाट, नवे रूळ

धनुष्कोडी या नावाचा अर्थ धनुष्याचे टोक. लंकाविजयानंतर बिभीषणाच्या विनंतीवरून प्रभू रामचंद्रांनी धनुष्याच्या टोकाने येथे सेतू भंग केला, अशी कथा आहे. पट्टीच्या एका बाजूस बंगालचा उपसागर आणि दुसऱ्या बाजूस मन्नारचे आखात. एका बाजूचे पाणी शांत, तर दुसऱ्या बाजूचे खवळलेले. स्थानिक लोक या दोन समुद्रांना अनुक्रमे स्त्री समुद्र व पुरुष समुद्र म्हणतात. या संगमावर स्नान केल्यावाचून काशी-रामेश्वर यात्रा पूर्ण होत नाही, अशी श्रद्धा पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. गंगेचे पाणी रामेश्वरी न्यावे आणि सेतूची वाळू प्रयागी न्यावी, हा त्या यात्रेचा परिपाठ.

महाराष्ट्राला ही वाट परकी नाही. रामेश्वराला निघालेली गंगाजलाची कावड तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती करणाऱ्या संत एकनाथांची कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक आहे. पुढे तंजावरच्या मराठा राजांनी तंजावर ते रामेश्वर या मार्गावर ठिकठिकाणी छत्रे, म्हणजे यात्रेकरूंसाठी अन्नछत्रे व धर्मशाळा, उभारली. सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात ओरथनाड येथे उभे राहिलेले मुक्तांबाळ छत्र हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. भिन्नभिन्न प्रांतांतून येणाऱ्या पांथस्थांना तेथे अन्न, निवारा व औषधोपचार मिळत असत.

रूळ आले ते या वाटेवर फार नंतर. इ.स. १९०२ च्या सुमारास मदुराईहून मंडपमपर्यंत मीटरगेज मार्ग पोहोचला. पुढे समुद्र आडवा येत होता. मंडपम व रामेश्वर बेट यांच्यामधील पांबनची खाडी होडीने ओलांडावी लागे. त्या वेळी हिंदुस्थानातून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जाणारा मुख्य मार्ग तुतिकोरीनहून होता. तेथून कोलंबोस आगबोटी जात. याच मार्गावर इंग्रज कंपनीच्या आगबोटींना टक्कर देण्यासाठी व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी इ.स. १९०६ मध्ये स्वदेशी आगबोट कंपनी काढली होती. मात्र तो सागरी प्रवास लांबचा. त्या मानाने धनुष्कोडी व सिलोनमधील तलैमन्नार यांच्यातील अंतर जेमतेम ३० किलोमीटर. समुद्रप्रवास शक्य तितका कमी आणि रेल्वेचा प्रवास शक्य तितका जास्त, या सरळ व्यापारी हिशेबातून धनुष्कोडीच्या स्थानकाचा जन्म झाला.

पांबनचा पूल

हा हिशेब जुळवण्यासाठी आधी पांबनची खाडी ओलांडणे भाग होते. पुलाचे काम इ.स. १९११ मध्ये सुरू झाले आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. सुमारे दोन किलोमीटर लांबीचा, १४३ खांबांवर उभा असलेला हा पूल भारतातील पहिला सागरी पूल होय. खाडीतून जहाजांना वाट मिळावी म्हणून त्याच्या मध्यभागी उघडझाप करणारा गाळा बसविण्यात आला. शेर्झर पद्धतीच्या या गाळ्याचे दोन भाग दोन्ही बाजूंस वर उचलले जात आणि जहाज गेल्यावर पुन्हा मिटत. कामगार लोखंडी दांडे हाताने फिरवून ही यंत्रणा चालवीत असत.

पांबनहून पुढे दोन फाटे निघत. एक रामेश्वराकडे आणि दुसरा धनुष्कोडीकडे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आज रामेश्वर हे त्या मार्गाचे अंतिम स्थानक आहे. त्या काळी मात्र मुख्य मार्ग धनुष्कोडीचा होता आणि जगप्रसिद्ध तीर्थक्षेत्र असूनही रामेश्वर हे शाखेवरील स्थानक होते. सिलोनच्या वाहतुकीला रेल्वेच्या दृष्टीने किती महत्त्व होते, याची कल्पना एवढ्यावरून यावी.

दोन किनाऱ्यांमधील दुवा

इ.स. १९१४ पासून मद्रासच्या एग्मोर स्थानकावरून सुटणारी गाडी थेट धनुष्कोडीच्या धक्क्याजवळ येऊ लागली. लोक तिला बोट मेल म्हणत. गाडीतून उतरावे, जकात कचेरीतील तपासणी आटोपावी आणि समोर उभ्या असलेल्या आगबोटीत चढावे. सुमारे दोन तासांत तलैमन्नारचा धक्का येई. तेथे सिलोनची गाडी तयार असे आणि ती प्रवाशांना कोलंबोस पोहोचवी. मद्रासहून कोलंबोपर्यंतचे तिकीट एकच. कर्झन, एल्गिन व हार्डिंज या व्हाइसरॉयांची नावे दिलेल्या आगबोटी आरंभी या मार्गावर होत्या. पुढे गोशेन व आयर्विन या नावांच्या बोटीही आल्या.

या वर्दळीभोवती वाळूच्या त्या पट्टीवर एक लहानसे गाव उभे राहिले. रेल्वे कर्मचाऱ्यांची घरे, रेल्वेचा छोटा दवाखाना, शाळा, टपाल कचेरी, जकात व बंदर कचेऱ्या, देऊळ, चर्च असा त्याचा पसारा होता. बांधकामासाठी प्रवाळाचा दगड मोठ्या प्रमाणात वापरलेला असे. ज्या भूमीवर कोणतेही पीक येत नाही, तेथे केवळ येण्याजाण्यावर एक गाव पोसले गेले.

या स्थानकातून जाणाऱ्यांत नाना तऱ्हेचे लोक असत. यात्रेकरू, व्यापारी, सरकारी अधिकारी, सिलोनमध्ये पेढ्या असलेले हिंदी गृहस्थ. परंतु सर्वांत मोठा आणि सर्वांत मूक असा वर्ग होता तो चहाच्या मळ्यांवर निघालेल्या तामिळ मजुरांचा. मंडपम येथे सिलोन सरकारने त्यांच्यासाठी छावणी उभारली होती. तेथे वैद्यकीय तपासणी होऊन, ठरावीक दिवस थांबवून मगच त्यांना पुढे सोडले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झालेल्या पद्धतीनुसार मजुराच्या गळ्यात मळ्याचा क्रमांक असलेला पत्र्याचा बिल्ला असे. हाच त्याचा प्रवासाचा परवाना. खर्च मळ्याच्या खाती लिहिला जाई आणि पुढे तो बहुधा कर्जाच्या रूपाने मजुराच्याच माथी बसे. बोट मेलच्या वरच्या वर्गातील प्रवाशांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. पत्र्याचे बिल्ले घालून गेलेल्या या हजारो माणसांची वर्णने मात्र विरळा. त्यांच्या श्रमांवर सिलोनचा चहा जगभर गेला, हे विसरता येत नाही.

या मार्गाशी आणखी एका थोर पुरुषाचे बालपण निगडित आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्म रामेश्वरचा. यात्रेकरूंना रामेश्वरहून धनुष्कोडीस नेण्यासाठी त्यांच्या वडिलांनी होडी बांधली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरचा गाडीचा थांबा रद्द झाला आणि वृत्तपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून रामेश्वर रोड ते धनुष्कोडी या टप्प्यात फेकले जाऊ लागले. ते गोळा करण्याच्या कामी मदत करून कलामांनी आयुष्यातील पहिली कमाई केली, अशी आठवण त्यांच्या ‘अग्निपंख’ या आत्मचरित्रात नमूद आहे.

ओसरती भरती

धनुष्कोडीची भरभराट एका मोकळ्या वाटेवर अवलंबून होती. हिंदुस्थान व सिलोन ही दोन्ही राज्ये एकाच साम्राज्याच्या छत्राखाली असल्याने ती वाट मोकळी होती. ती हळूहळू अरुंद होत गेली, हे येथे सांगितले पाहिजे.

इ.स. १९३९ मध्ये सिलोन सरकारने आपल्या नोकरीतील हिंदी कामगारांना काढण्यास आरंभ केला, तेव्हा हिंदुस्थान सरकारने अकुशल मजुरांना सिलोनला जाण्यास बंदी घातली. स्थानकाच्या वाहतुकीचा एक मोठा झरा तेथेच आटू लागला. इ.स. १९४७ मध्ये भारत व त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९४८ मध्ये, सिलोन स्वतंत्र झाले. त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांवरील बहुसंख्य भारतीय वंशाच्या तामिळांना सिलोनचे नागरिकत्व नाकारले. येण्याजाण्यावर परवान्यांची बंधने आली. इ.स. १९४७ च्या अखेरीस कोलंबो व मद्रास यांच्यात विमानेही उडू लागली. ज्यांना वेळेची किंमत होती व ज्यांच्यापाशी पैसा होता, त्यांना दुसरा मार्ग उपलब्ध झाला.

३० ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री व सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. सिलोनमधील राष्ट्रीयत्वहीन अशा सुमारे ९ लाख ७५ हजार लोकांपैकी ५ लाख २५ हजार लोकांना भारताने स्वीकारावे, ३ लाखांना सिलोनने सामावून घ्यावे आणि उरलेल्यांचा निर्णय नंतर करावा, असे ठरले. ज्यांचे आजे-पणजे मंडपमच्या छावणीतून पलीकडे गेले होते, त्यांना आता परत यायचे होते. करार होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच त्यांच्या पूर्वजांच्या वाटेवरील स्थानक नाहीसे झाले.

२२ डिसेंबरची रात्र

इ.स. १९६४ च्या डिसेंबरच्या मध्यास अंदमानच्या दक्षिणेकडील समुद्रात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला. त्याचे चक्रीवादळ होऊन ते पश्चिमेकडे सरकू लागले. २२ डिसेंबर रोजी सिलोनचा उत्तर भाग ओलांडून ते मध्यरात्रीच्या सुमारास धनुष्कोडीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास गेला असावा, असा अंदाज आहे. सुमारे २० फूट वा त्याहून उंच लाटा त्या चिंचोळ्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी कोसळल्या.

त्या रात्री ६५३ क्रमांकाची पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर मध्यरात्रीच्या पाच मिनिटे आधी पांबनहून निघाली होती. धनुष्कोडी अगदी थोड्या अंतरावर असताना सिग्नल मिळेना. काही वेळ वाट पाहून चालकाने अंधारात, शिटी देत, गाडी पुढे घेतली, असे सांगतात. लाटांनी सारी गाडी गिळली. गाडीत ११० प्रवासी व ५ रेल्वे कर्मचारी होते, ही नेहमी दिली जाणारी संख्या. कोणीही वाचले नाही. विनातिकीट प्रवासी धरल्यास मृतांचा आकडा याहून मोठा असावा, असेही म्हटले जाते. ज्याने तिकीट काढले त्याची नोंद झाली. ज्याने काढले नाही, त्याच्या मरणाचीही नोंद झाली नाही.

गावात तर याहून मोठा अनर्थ झाला. घरे, शाळा, कचेऱ्या, धक्का, रूळ सारे पाण्याखाली गेले. तारा तुटल्याने बाहेरच्या जगाला वार्ता कळण्यासही अवधी लागला. या वादळातील एकूण बळींची संख्या सुमारे १,८०० सांगितली जाते. रामेश्वरच्या मंदिरात आश्रयाला गेलेले लोक मात्र सुखरूप राहिले. यथावकाश मद्रास सरकारने धनुष्कोडी हे वस्तीस अयोग्य म्हणून जाहीर केले.

सेहेचाळीस दिवस

पांबनच्या पुलाचीही त्या रात्री दैना झाली. १२६ तुळया खांबांवरून निखळून समुद्रात पडल्या. उघडझाप करणारा मधला गाळा तेवढा टिकला. पूल पुन्हा उभा करण्यासाठी रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठरविली होती. पुढे ती तीन महिन्यांवर आणण्यात आली. काम सोपविले गेले ते ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याकडे. नव्या तुळया घडवून आणण्यास वेळ लागणार होता. तेव्हा समुद्रात पडलेल्या जुन्या तुळयाच शोधून, उचलून पुन्हा बसविण्याचा निर्णय त्यांनी घेतला. त्यासाठी कोळी बांधवांची मदत झाली. अवघ्या ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा राहिला. याच श्रीधरन यांनी इ.स. १९९० पासून कोकण रेल्वेची धुरा वाहिली आणि इ.स. १९९८ मध्ये मुंबईकडून मंगळुरूकडे जाणारा तो मार्ग पूर्णत्वास गेला. कोकणच्या डोंगरदऱ्यांतून आज गाडीने जाणाऱ्या महाराष्ट्रीयांचे पांबनशी असे एक नाते आहे.

पूल ४६ दिवसांत जोडला गेला, परंतु पांबनपासून धनुष्कोडीपर्यंतचे रूळ पुन्हा टाकले गेले नाहीत. येथेच आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी पूल आवश्यक होता. पलीकडे शेकडो वर्षांचे तीर्थक्षेत्र होते आणि तेथील ओघ कोणत्याही कराराने वा कायद्याने थांबणारा नव्हता. धनुष्कोडीच्या स्थानकाला स्वतःचे असे काही नव्हते. ते दोन देशांमधील मोकळ्या वाटेवर उभे होते. वाट मोकळी होती तोवर समुद्राच्या जबड्यात राहण्याचा धोका पत्करणे परवडत होते. ती अरुंद झाल्यावर तो धोका पत्करण्यास कोणीही तयार झाले नाही. वादळाने स्थानक मोडले हे खरेच. पण ते पुन्हा न उभारण्याची कारणे वादळाच्या आधीच साठत आली होती.

नंतरचा काळ

वादळानंतर आगबोट रामेश्वरहून तलैमन्नारला जाऊ लागली. शास्त्री-बंदरनायके करारानुसार परतणारी हजारो कुटुंबे याच बोटीने मायदेशी आली. ज्यांनी तो देश कधी पाहिलाच नव्हता, त्यांनाही तो मायदेश म्हणावा लागला. इ.स. १९८० च्या दशकात श्रीलंकेत यादवी पेटली आणि हीही बोट बंद पडली. एकेकाळी मजूर पाठविणारी मंडपमची छावणी निर्वासितांना आसरा देऊ लागली.

युद्धात तलैमन्नारकडील रेल्वेमार्गही उद्ध्वस्त झाला होता. भारताच्या साहाय्याने त्याची पुनर्बांधणी होऊन मार्च २०१५ मध्ये तलैमन्नारच्या धक्क्यापर्यंत गाडी पुन्हा धावू लागली. इकडे पांबनच्या जुन्या पुलाने शतक ओलांडले. डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरील वाहतूक थांबविण्यात आली आणि ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेजारीच उभारलेल्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले. त्याचा ७२.५ मीटरचा मधला गाळा सरळ वर उचलला जातो. रामेश्वर ते धनुष्कोडी या सुमारे १७ किलोमीटरच्या मार्गाचा पायाभरणी समारंभ मार्च २०१९ मध्ये झाला होता. मात्र पर्यावरणाच्या प्रश्नावरून तो प्रकल्प रेंगाळला.

इ.स. २०१७ पासून धनुष्कोडीच्या टोकापर्यंत पक्का रस्ता झाला आहे. त्यापूर्वी वाळूतून चालत किंवा जीपने जावे लागे. आता दररोज पर्यटक येतात, पडक्या चर्चची छायाचित्रे घेतात, शंख-शिंपल्यांच्या वस्तू विकत घेतात. स्थानकाच्या भिंतींचे काही अवशेष आणि रेल्वेची पाण्याची टाकी यांवरून येथे रेल्वे होती याची खूण पटते.  काही कोळी कुटुंबे मात्र शासनाने वस्तीस अयोग्य ठरविलेल्या त्या भूमीवर झोपड्या बांधून राहिली.

पन्नास वर्षांत या स्थानकातून किती माणसे गेली व किती परतली, याचा पूर्ण हिशेब आता कोणालाच मांडता येणार नाही. तिकिटे होती त्यांची नोंद झाली, बिल्ले होते त्यांचे क्रमांक लिहिले गेले. त्या क्रमांकांमागची नावे मात्र मळ्यांवरच विरून गेली. धनुष्कोडीचा इतिहास सांगताना वादळाच्या रात्री गेलेल्यांचे स्मरण होते, ते उचितच आहे. त्यांच्याबरोबर, शांत समुद्रावरून दिवसाउजेडी पलीकडे गेलेल्या आणि इतिहासात कोठेही नाव न उरलेल्या त्या प्रवाशांचेही स्मरण व्हावे. त्यांच्यामुळेच ते स्थानक पन्नास वर्षे जगले होते.